कारण विचारायचं नाही

स्कुबा डायव्हिंगमध्ये एक नियम आहे, अख्ख्या कोर्समध्ये मला तो सगळ्यात जास्त आवडला. कुठलाही डायव्हर कुठलीही डाइव्ह कधीही रद्द करू शकतो. बोटीत बसल्यावर, सूट चढवल्यावर, पाण्यात उडी मारल्यावर, अगदी खाली प्रवाळापाशी पोचल्यावरसुद्धा. अंगठा वर केला की संपलं, जोडीदारासकट वर यायचं. (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही हां, "वर चला". मस्तसाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.) आणि नियमाचा उरलेला अर्धा भाग असा की "का?" म्हणून विचारायचं नाही. वर आल्यावर नाही, बोटीवर नाही, रात्री जेवतानाही नाही.

इन्स्ट्रक्टरने हे अगदी सहज सांगितलं आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला, मी मात्र तिथेच अडकून राहिले. आमच्याकडे कुणी चहा नको म्हटलं तरी "का गं, ॲसिडिटी झाली का" इथून सुरुवात होते. लग्नाला येत नाही म्हटलं तर कारण लागतं, आणि ते कारण समोरच्याला पटावंही लागतं. हे सगळं प्रेमापोटीच असतं, मला मान्य आहे, मी स्वतःही दुसऱ्यांना तेच विचारत आले. पण पंचेचाळिशीपर्यंत "नाही" हा शब्द मी कधी कारणाशिवाय घराबाहेर पाठवलेला नव्हता आणि इथे एक माणूस सांगत होता की कारण असलंच तरी ते तुमच्यापाशी ठेवा.

तर मी अंदमानला, हॅवलॉकला, एकटी गेले होते. यालाही अर्थातच सगळ्यांना कारण हवं होतं. आधी सांगते म्हणजे इथेही तोच प्रश्न नको. नवऱ्याच्या कानाचं ऑपरेशन झालेलं आहे. डायव्हिंगच्या आधी जो मेडिकल फॉर्म भरायचा असतो त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची-सायनसची ऑपरेशनं असं सगळं विचारतात, त्यात "हो" आलं तर डॉक्टरची सही लागू शकते, आणि आमच्या कानाच्या डॉक्टरांनी सही करायला साफ नकार दिला. काही लोक सगळीकडे "नाही" लिहून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका, तो फॉर्म दुकानाच्या सोयीसाठी नाही, तुमच्या फुप्फुसांसाठी आणि कानांसाठी आहे.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर जमिनीच्या दुप्पट दाब, २० मीटरवर तिप्पट. कानाच्या पडद्यामागे जी हवा असते ती आक्रसते, म्हणून दर थोड्या वेळाने नाक दाबून हलकेच फुंकर मारायची आणि तिथला दाब सारखा करायचा. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. आणि सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण १० मीटरवर भरलेली छाती तशीच धरून वर आलात तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि छातीत तेवढी जागा नसते. हे एवढं भौतिकशास्त्र शाळेत बॉईलच्या नियमात शिकलो होतो सगळेच, पण स्वतःच्या कानात शिकलं की विसरत नाही.

पाण्याखालची पहिली ओळख मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ बोट थांबते, इन्स्ट्रक्टर तुमचा सिलिंडर मागून धरून ठेवतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा, समोर मासे येतात, व्हिडिओ निघतो. आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा तळ तिथे बघितला आहे आणि त्याबद्दल मला मालवणचं फार कौतुक आहे. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. पण तिथून परत येताना मला वाटत राहिलं की कुणी न धरता मला हे यायला हवं. पोहायला येत होतं, सोसायटीजवळच्या पूलमध्ये रोज सकाळी जातच होते, मग ओपन वॉटर हा पहिला कोर्स करायचं ठरवलं, त्या सर्टिफिकेटवर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तेही झालं, आणि या वेळी ॲडव्हान्स्डसाठी चालले होते, त्यात ३० मीटरपर्यंत.

नवरा एअरपोर्टवर सोडायला आला होता. मुंबई ते चेन्नई, चेन्नई ते वीर सावरकर विमानतळ. त्या शहराचं नाव २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण फेरीच्या रांगेत सगळे अजून जुनीच नावं घेतात म्हणून मीही घेते. फेरीने दीड-दोन तास. बेटावर उतरलं की पहिलं जाणवतं ते घड्याळाचं, वेळ आपलीच पण सूर्य फार आधीचा, पहाटे साडेपाचला लख्ख उजेड आणि संध्याकाळी सहाच्या आत गुडुप अंधार. दुसरं जाणवतं ते बंगाली. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं, गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर ही गावं त्यांची, बाजारात मोहरीच्या तेलातला माछेर झोल मिळतो आणि मी मालवणी माणसाशी लग्न केलेलं असूनही सांगते की तो अप्रतिम असतो. नेटवर्क येतं-जातं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून बरंच सुधारलं म्हणतात, तरी माझ्या खोलीत एका खिडकीपाशीच फोन लागायचा आणि मला त्याचं काहीही वाईट वाटलं नाही.

एकटीने जाण्याचा हिशेब सांगून टाकते, कारण बायका हे मला खासगीत विचारतात. खोलीचे पैसे दोघांचे द्यावे लागतात, ते टळत नाही. डायव्हिंगचे पैसे माणशी असतात, तिथे एकटीचं नुकसान नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कुबा बऱ्याचदा नसतं, ते वाचून घ्या. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण असतात, बोटीवर ऑक्सिजन असतो का. नीट उत्तर देतात की टाळतात एवढ्यावरून बरंच कळतं. पाळी, बोटीवर बाथरूम आहे की नाही, सूटची चेन कोण लावणार, हे प्रश्नही सरळ विचारा, चांगल्या ठिकाणी कुणी लाजत नाही आणि लाजवतही नाही.

आता खरी गंमत ही की एकटीने गेलं तरी पाण्याखाली एकटं सोडत नाहीत. तिथे बडी, म्हणजे जोडीदार, लागतोच. जोडपी, मित्रमंडळी आपापले बडी घेऊन येतात, आणि माझ्यासारखी माणसं सकाळी बोटीवर एकमेकांच्या वाट्याला येतात. माझ्या वाट्याला कधी कोइम्बतूरची एक बँकेतली मुलगी आली आणि कधी कोलकात्याचे एक रिटायर्ड गृहस्थ, साठी ओलांडलेले, मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला दीदी.

बडी चेक म्हणजे काय ते जरा सांगायला हवं. उडी मारायच्या आधी दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचं सगळं सामान तपासायचं. तरंगायला हवा भरायचं जे जॅकेट असतं त्यात हवा भरते का, निघते का. वजनाचा पट्टा नीट आहे का आणि एका झटक्यात सुटेल असा आहे का. सिलिंडरचा पट्टा, खांद्यांची बकलं. मग हवा. इथे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा ज्यातून तोंडात येते तो भाग, तोंडात धरून तीन-चार मोठे श्वास घ्यायचे आणि श्वास घेताना नजर प्रेशर गेजच्या काट्यावर ठेवायची. काटा २०० बारवर, म्हणजे भरलेल्या सिलिंडरच्या आकड्यावर, गप्प उभा राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, वर जाणवणार नाही पण खोलवर हवा पुरणार नाही. दादा हे इतक्या निगुतीने करायचे, माझ्या पट्ट्यात दोन बोटं घालून तो घट्ट आहे का बघायचे, मग चष्मा नाही म्हणून माझा गेज डोळ्यांजवळ नेऊन आकडा मोठ्याने वाचायचे. सकाळपर्यंत मी या माणसाला ओळखत नव्हते. आणि खाली माझी हवा संपली तर त्यांच्या जॅकेटला लटकलेल्या पिवळ्या जादा रेग्युलेटरमधून मी श्वास घेणार होते, त्यांची संपली तर ते माझ्या. गर्दीच्या लोकलमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला अनोळखी पुरुषाचा हात खांद्याजवळ आला की आपोआप आक्रसायची सवय असते. इथे ती सवय कधी गळून पडली मला कळलंसुद्धा नाही, कारण तो हात बकल तपासत होता आणि माझाही हात त्यांचं बकल तपासत होता.

नेमो रीफला तर किनाऱ्यावरूनच चालत आत जाता येतं. तिथे वाळूत समुद्रफुलं आहेत आणि त्यांच्यात क्लाऊनफिश. एका समुद्रफुलात एक मोठी मादी, एक नर आणि बाकीचे लहान मासे. मादी मेली तर तो नर बदलून मादी होतो आणि उरलेल्यांतला मोठा त्याच्या जागी नर होतो. एवढासा मासा, माझ्या मास्कपर्यंत येऊन मला हाकलत होता. पाच-सहा मीटरच्या खाली लाल रंग मरत जातो, माझं लाल घड्याळ मातकट दिसायला लागलं, टॉर्च मारला की एकदम खरा रंग उमटायचा आणि मग समोरचा करडा वाटणारा खडकसुद्धा शेंदरी निघायचा. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो त्यामुळे तो कुठून आला ते समजत नाही. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतात त्याचा करकर आवाज सगळीकडून येत राहतो, जणू आपणच मध्यभागी बसलोय. एकदा वाळूत निळ्या ठिपक्यांचं पाकट बसलेलं दिसलं, फक्त डोळे बाहेर. सासरी पाकटाचं सुकं मी कितीदा केलंय, पण पाकट श्वास घेताना, डोळ्यांमागची ती भोकं उघडताना-मिटताना मी पहिल्यांदा पाहिली आणि कितीतरी वेळ हलले नाही.

उथळ भागात मात्र फार वाईट वाटतं. शिंगांसारखं फांद्यांचं पोवळं मोडून पडलेलं, नुसता राखाडी चुरा, लांबच लांब. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी खूप तापलं आणि मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं, २०१६ मध्ये परत. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बरंचसं अन्न देतं आणि रंगही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त काही आठवडे राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं होतं. लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. चुऱ्यात मध्येच तळहाताएवढं नवं पोवळं उगवलेलं दिसायचं, जांभळट टोकांचं, आणि दर वेळी मला त्याच्या वरून जाताना पाय पोटाशी घ्यावेसे वाटायचे. फोटोसाठी प्रवाळावर गुडघे टेकणारी माणसं बघितली की मला राग येतो, अगदी खरा राग, आणि तो मी बोटीवर बोलून दाखवते.

लाइटहाऊस नावाच्या साइटवर दादांनी अंगठा वर केला. साधारण चौदा मीटरवर होतो. आत्ताच कुठे खाली पोचलो होतो, हवा भरपूर होती, पाणी काचेसारखं, आणि पुढच्या खडकापाशी डाइव्हमास्टर, म्हणजे आम्हाला खाली वाट दाखवणारा, कासवाची खूण करत होता. दादा माझ्याकडे बघत होते, अंगठा वर, दुसरा हात शांत. मी अंगठा वर करून उत्तर दिलं, डाइव्हमास्टरला कळवलं, आणि आम्ही हळूहळू वर निघालो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला. ती तीन मिनिटं आम्ही एकमेकांच्या समोर तरंगत होतो. त्यांचे डोळे मास्कमधून मोठे दिसत होते. मी गोल करून विचारलं, ठीक? त्यांनी गोल केला, ठीक. एवढं विचारायचा हक्क असतो, तेवढाच मी वापरला.

बोटीवर चहा-बिस्किटं झाली. दुपारी एकाच टेबलावर जेवलो, ते इलिश कसा शिजवायचा यावर बोलले, आणि माझ्या जिभेच्या टोकावर तो प्रश्न अक्षरशः उभा होता. छातीत दुखलं का, भीती वाटली का, बायकोची आठवण आली का, काय झालं. चाळीस वर्षांची सवय अशी एका जेवणात जात नाही. पण नाही विचारलं. आणि हळूहळू लक्षात आलं की मी न विचारल्यामुळे ते माझ्यासमोर मोकळे बसू शकत होते, त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी परत माझेच बडी म्हणून आले आणि आम्ही सगळी डाइव्ह पूर्ण केली. ते कारण मला आजही माहीत नाही.

नंतर एकदा बोट डिक्सन्स पिनॅकलला गेली. ही साइट किनाऱ्यापासून बरीच लांब आणि खोल, ॲडव्हान्स्डसाठीच ठेवलेली. सगळी तयारी झाली, सूट चढवला, बडी चेक झाला, आणि मी म्हटलं, आज मी जात नाही. डाइव्हमास्टर विशी-पंचविशीतला, त्याने फक्त "ओके दीदी" म्हटलं, माझा सिलिंडर बाजूला बांधून ठेवला, कोइम्बतूरच्या मुलीला दुसऱ्या जोडीत घेतलं आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. बस. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही, भुवई वर नाही, "इतके पैसे भरलेत" नाही. कारण मी इथेही लिहीत नाहीये. आहे की नाही तेही नाही.

सगळे खाली गेल्यावर बोटीवर मी आणि बोट चालवणारा मुलगा राहिलो. तो मायाबंदरकडचा, कॅरेन. इंग्रजांनी १९२०च्या दशकात ब्रह्मदेशातून काही कॅरेन कुटुंबं आणून मिडल अंदमानात वसवली, समुद्र त्यांना आपल्या अंगणासारखा. इथल्या साइट्सची डिक्सन, जॉनी, जॅक्सन ही नावं मला आधी कुणा गोऱ्या साहेबांची वाटायची, ती कॅरेन डायव्हर्सची आहेत, ज्यांनी या जागा शोधल्या. तो मुलगा बुडबुड्यांकडे बघून खाली कोण कुठे आहे ते सांगत होता. हा घाईत श्वास घेतोय, ही दोघं जवळ आहेत, तो मागे राहिलाय. मी जितका वेळ खाली असते तितका वेळ वर कुणीतरी माझे बुडबुडे असे वाचत असतं, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

डायव्हिंग संपल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, त्यामुळे शेवटचा दिवस कोरडा. मी पोर्ट ब्लेअरला येऊन सेल्युलर जेल बघितलं. मराठी माणसं तिथे सावरकरांच्या कोठडीसाठी जातात, रांगेत बरंच मराठी ऐकू येतं, मीही त्या कोठडीत उभी राहिले. पण त्या इमारतीची रचना मला फार लागली. मूळच्या सात शाखा, आता तीन उरल्यात, आणि त्या अशा बांधल्या की एका शाखेतल्या कोठडीसमोर दुसऱ्या शाखेची पाठ यावी, माणसाला माणसाचं तोंड दिसू नये. मी माझ्या मर्जीने एकटी आले होते आणि रोज सकाळी कुणीतरी माझं बकल तपासत होतं. तिथल्या एकटेपणाला एकटेपण म्हणायचं तर माझ्याला दुसरं काहीतरी म्हणायला हवं. १९३३ मध्ये तिथे राजबंद्यांनी उपोषण केलं तेव्हा महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास यांना जबरदस्तीने दूध पाजलं गेलं आणि त्यात त्यांचे जीव गेले. त्यांची नावं वाचून मी बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, सगळ्या डाइव्ह झाल्या का? म्हटलं, एक सोडून सगळ्या. त्या म्हणाल्या, "का गं?" मी म्हटलं, "आई, त्या दिवशी नाही गेले." त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग विचारलं की आंघोळीला गरम पाणी काढू का. मला त्यांचं इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

आता ताईची मुलगी मागे लागली आहे, पंधरा पूर्ण झालीत, तिला शिकायचंय. ताईला भीती वाटते, साहजिक आहे. मी म्हटलं आधी दोघी मुरुडेश्वरला या, तिथून बोटीने नेत्राणी बेट करू, लहानशी ट्राय डाइव्ह, बघ तिला झेपतं का. एकच अट घातली आहे आणि ती भाचीला नाही, ताईला घातली आहे. पोरगी मध्येच वर आली तर तिला काही विचारायचं नाही, ती आपणहून बोलेपर्यंत. ताई म्हणाली, मला जमणार नाही गं ते. म्हटलं, पाण्यात जायला अजून दोन महिने आहेत, तोवर घरी सराव कर.